यंत्रांतील रांग

तिकिटाच्या खिडकीपुढें लागलेली रांग डोळ्यांना दिसते. ती किती लांब आहे हें मोजतां येतें. खिडकीमागचा कारकून मंद आहे, कीं रांगेच्या तोंडाशीं असलेला गृहस्थ सुटे पैसे शोधीत बसला आहे, हेंहि मान उंच करून पाहतां येतें. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बँका, रेल्वे, विमान कंपन्या व सरकारी कचेऱ्या यांच्या वह्या संगणकाच्या पोटांत गेल्या, आणि वह्यांबरोबर रांगहि आंत गेली. आतां खिडकीपुढील मनुष्य स्तब्ध झालेल्या पडद्याकडे पाहत उभा राहतो. कारकून "मशीन स्लो आहे" एवढेंच सांगतो. आणि खरी रांग कोठें लागली आहे हें दोघांनाहि दिसत नाहीं. ही अदृश्य रांग पुन्हां दृष्टीस आणण्याची विद्या म्हणजेच डेटाबेस सर्व्हरच्या गतीचें निदान होय. या विद्येचीं मुळें शंभर वर्षांहून अधिक जुनीं आहेत, आणि तिच्या इतिहासाचा बराच मोठा भाग भलतीच नाडी पाहण्यांत खर्च झाला आहे.

डेटाबेस म्हणजे नोंदींची सुव्यवस्थित पेढी. एकाच वेळीं शेंकडों माणसें तिच्याकडे मागण्या घेऊन येतात. कोणाला खात्यांतील शिल्लक पाहावयाची असते, कोणाला रक्कम जमा करावयाची असते, कोणाला उद्यांच्या गाडींत जागा हवी असते. प्रत्येक मागणीसाठीं प्रोसेसरचा कांहीं वेळ खर्च होतो. नोंदींचीं पानें संगणकाच्या स्मृतींतून किंवा डिस्कवरून आणावीं लागतात. आणि एकाच नोंदीवर एकदम दोघांनीं लिहूं नये म्हणून त्या नोंदीला क्षणभर कुलूप घालावें लागतें. यांपैकीं प्रत्येक ठिकाणीं थांबण्याची पाळी येऊं शकते. म्हणूनच "काम मंद झालें" एवढ्या तक्रारीवरून रोग कळत नाहीं; अंग तापलें आहे एवढें सांगितल्यानें ताप कशाचा हें वैद्याला जसें कळत नाहीं, तसेंच हें आहे.

या विद्येचा आरंभ संगणकाच्या जन्मापूर्वीं, आणि तोहि एका टेलिफोन कंपनींत झाला. आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) हा डेन्मार्कमधील गणिती १९०८ सालीं कोपनहेगन टेलिफोन कंपनीच्या नोकरींत शिरला. तारा किती ठेवाव्या आणि माणसें किती नेमावीं, म्हणजे ग्राहकाला फार तिष्ठावें लागणार नाहीं व कंपनीचा पैसाहि व्यर्थ जाणार नाहीं, हा त्याच्यापुढील व्यवहारी प्रश्न होता. ग्राहकांच्या मागण्या यदृच्छेनें येत असल्या तरी त्यांच्या येण्याला संभवशास्त्राचा नियम लागूं पडतो, असें त्यानें १९०९ सालच्या निबंधांत दाखविलें. १९१७ सालीं त्यानें मागणी वाया जाण्याचा संभव आणि थांबण्याचा काळ काढण्याचीं सूत्रें प्रसिद्ध केलीं. १९४६ सालीं टेलिफोनवरील भाराच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्याचेंच नांव देण्यांत आलें.

या गणिताचें एक फळ प्रत्येक निदानकर्त्यानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एकच कामगार आहे, कामें यदृच्छेनें येत आहेत आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळहि अनियमित आहे, अशी साधी कल्पना करावी. कामगार आपला निम्मा वेळ कामांत असला, तर आलेल्या माणसाला थांबण्यासह सरासरीनें मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो. तोच कामगार शेंकडा ८० वेळ कामांत असला तर पांचपट, ९० असला तर दहापट, आणि ९५ असला तर वीसपट वेळ लागतो. नव्वदावरून पंचाण्णवावर जातांना भार थोडासाच वाढलेला दिसतो. परंतु माणसाचा खोळंबा दुपटीनें वाढतो. कालपर्यंत सुरळीत चाललेलें यंत्र आज अकस्मात् कां अडखळलें, या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां एवढ्याच आंकड्यांत असतें.

१९६१ सालीं जॉन लिटल या अमेरिकन विद्वानानें आणखी एक सोपा नियम सिद्ध केला. आंत असलेल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग आणि प्रत्येकाच्या मुक्कामाचा सरासरी काळ यांचा गुणाकार. सेकंदाला ५० मागण्या येत असतील आणि प्रत्येक मागणी दोन-दशांश सेकंद आंत राहत असेल, तर कोणत्याहि क्षणीं सरासरीनें १० मागण्या आंत असावयाच्या. येण्याचा वेग तोच असून आंतील संख्या १०० झालेली स्थिरपणें दिसूं लागली, तर प्रत्येक मागणी दोन सेकंद अडकून पडते आहे हें कोणालाहि न विचारतां कळतें. पुढें सर्व्हरवर नजर ठेवण्याच्या ज्या पद्धति निघाल्या, त्यांना या नियमाचा फार मोठा आधार मिळाला.

याच सुमारास मोठ्या संस्थांच्या नोंदी संगणकावर जाऊं लागल्या. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनीं मिळून उभारलेली 'सेबर' ही विमान-आरक्षणाची प्रणाली १९६४ सालीं पूर्णपणें कामास लागली. न्यू यॉर्क राज्यांतील ब्रायरक्लिफ मॅनर येथें ठेवलेल्या दोन आयबीएम ७०९० संगणकांकडे ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून मागण्या येऊं लागल्या. अपोलो चंद्रयोजनेच्या असंख्य भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेंतून 'आयएमएस' ही प्रणाली जन्मली व १९६८ सालीं चालूं झाली. या पिढीच्या प्रणालींत विशिष्ट नोंदीपर्यंत कोणत्या वाटेनें जावयाचें हें प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः ठरवीत असे. काम रेंगाळलें तर त्यानें आंखलेली वाट तपासतां येई. अपराधी मनुष्य ओळखीचा होता.

जून १९७० मध्यें हें चित्र पालटण्यास आरंभ झाला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंतील एडगर कॉड यानें एका निबंधांत असा विचार मांडला कीं, सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें मांडावी, आणि ती यंत्रांत कशी रचली आहे याची काळजी वापरणाऱ्यावर लादूं नये. काय हवें तें मनुष्यानें सांगावें. तें कसें आणावयाचें तें यंत्रानें पाहावें. त्याच प्रयोगशाळेंत 'सिस्टिम आर' या नांवाचा प्रयोग झाला, आणि १९७९ सालीं पॅट्रिशिया सेलिंजर व तिच्या सहकाऱ्यांनीं योग्य वाट निवडण्याची रीत प्रसिद्ध केली. कोष्टकांत ओळी किती, पानें किती, सूचींत निरनिराळीं मूल्यें किती, याचे आंकडे यंत्रानें आधींच गोळा करावे. प्रत्येक संभाव्य वाटेनें किती पानें आणावीं लागतील व प्रोसेसरला किती श्रम पडतील याचा अंदाज बांधावा. आणि सर्वांत स्वस्त वाट पत्करावी, अशी ती रीत होती. नंतरच्या कितीतरी डेटाबेस-प्रणालींनीं तिचा कित्ता गिरविला.

या सोयीची किंमत मात्र निदानकर्त्याला मोजावी लागली. वाट आतां यंत्र निवडूं लागलें, आणि तीहि जुन्या अंदाजावर निवडूं लागलें. कोष्टकांत हजार ओळी होत्या तेव्हां घेतलेले आंकडे तसेच राहिले आणि ओळी मात्र दहा लाख झाल्या, तर कालची शहाणपणाची वाट आज मूर्खपणाची ठरे. मागणीचें एक अक्षर बदललेलें नसतां तिला लागणारा वेळ शंभरपट होऊं शके. म्हणून यंत्राला त्याची निवड बोलून दाखवावयास लावणें भाग पडलें, आणि 'एक्स्प्लेन' ही आज्ञा डेटाबेसवाल्यांच्या नित्य वापरांतील झाली. कोणत्या कोष्टकाची कोणती सूची वाचली जाणार, कोणतें कोष्टक प्रथम उघडणार, किती ओळी अपेक्षित आहेत, हें सर्व ती आज्ञा दाखविते. अपेक्षित ओळी आणि प्रत्यक्षांत आलेल्या ओळी यांत फार मोठी तफावत दिसली, कीं रोगाचें मूळ पुष्कळदां तेथेंच सांपडतें.

एका यंत्राची दुसऱ्याशीं तुलना कशी करावी हा प्रश्नहि तेव्हां असाच धुरकट होता. प्रत्येक विक्रेता आपल्या सोयीचा आंकडा पुढें करी. १ एप्रिल १९८५ च्या 'डेटामेशन' या अमेरिकन नियतकालिकांत 'अनामिक व इतर' अशा सहीचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यामागील मुख्य हात टँडेम कंपनींतील जिम ग्रे याचा होता. निरनिराळ्या संस्थांतील बऱ्याच तज्ज्ञांनीं त्यांत भाग घेतला होता, म्हणून नांवें झांकलेलीं. लेखांत बँकेंतील जमा-खर्चाचा एक साधा व्यवहार परीक्षेसाठीं घेतला होता. सेकंदाला १०० व्यवहार करणाऱ्या यंत्रानें १,००० शाखा, १०,००० रोखपाल आणि १ कोटी खातीं यांचा भार वाहावा, आणि शेंकडा ९५ व्यवहारांचें उत्तर एका सेकंदाच्या आंत यावें, अशी अट होती. यंत्र किती वेगानें बेरजा करतें हा प्रश्न मागें पडला. खिडकीवरचा मनुष्य किती वेळ तिष्ठतो हा पुढें आला. १९८८ सालीं ओमरी सर्लिन याच्या पुढाकारानें आठ कंपन्यांनीं अशा परीक्षांचे नियम ठरविणारें एक मंडळ स्थापन केलें.

परीक्षागृहांत जें मान्य झालें तें रोजच्या कामांत मात्र बराच काळ उतरलें नाहीं. डिस्कवरचें पान आणावयाला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचे कांहीं पट लागत. तेंच पान स्मृतींत असलें तर सहस्रावधि पटींनीं लवकर मिळे. यावरून असा समज रूढ झाला कीं, शंभर वाचनांपैकीं नव्वद किंवा अधिक वाचनें स्मृतींतून होत असतील, तर सर्व्हरची प्रकृति उत्तम आहे. हें प्रमाण काढावयाला सोपें, एका ओळींत लिहितां येणारें आणि वरिष्ठांना दाखवितां येणारें होतें. त्यामुळें सर्व्हरचे रक्षक सकाळीं येऊन प्रथम तेंच पाहत, आणि तें उतरलें कीं अधिक स्मृति विकत घेण्याची शिफारस करीत.

या मापांतील खोट हळूहळू उघडी पडली. एखादी अडाणी मागणी स्मृतींतील तेंच पान लक्षावधि वेळां उलटीत बसली, तर प्रमाण शेंकडा ९९ च्या वर जातें आणि प्रोसेसर मात्र वाया शिणतो. उलटपक्षीं ती मागणी सुधारली, निरर्थक वाचनें नाहींशीं झालीं, तर प्रमाण उतरूं शकतें आणि काम मात्र झटपट होतें. म्हणजे रोग वाढला असतां नाडी सुधारलेली दिसावी आणि रोग बरा झाला असतां ती बिघडलेली दिसावी, असा हा प्रकार होता. कॉनर मॅकडोनल्ड या तज्ज्ञानें तर याचा उपहास करण्यासाठीं एक लहानसा प्रोग्रॅमच लिहिला. हवें तें प्रमाण त्याला सांगावें. निरर्थक वाचनें करवून तो तें आणून देई. इतक्या सहज फुगवितां येणाऱ्या आंकड्यावर कोणाचें निदान अवलंबून ठेवूं नये, हें त्यानंतर वेगळें सांगावयास नको होतें.

खरी दिशा मिळाली ती यंत्रालाच थांबण्याची नोंद ठेवावयास लावल्यानें. १९९२ सालीं आलेल्या ओरॅकलच्या सातव्या आवृत्तींत प्रत्येक काम कोठें व किती वेळ थांबलें याचे आंकडे पाहण्याची सोय झाली. डिस्कवरील पानाची वाट, दुसऱ्यानें घातलेल्या कुलुपाची वाट, व्यवहाराची पक्की नोंद लिहिली जाण्याची वाट, अशीं या थांब्यांना निरनिराळीं नांवें दिलेलीं होतीं. आन्यो कोल्क व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालच्या निबंधांत यावरून एक सरळ समीकरण पुढें ठेवलें: माणसाला लागलेला एकूण वेळ म्हणजे प्रत्यक्ष कामाचा वेळ अधिक थांबण्याचा वेळ. २००३ सालीं कॅरी मिलसॅप व जेफ होल्ट यांनीं आपल्या ग्रंथांत त्याच्याहि पुढचें पाऊल टाकलें. संपूर्ण यंत्राच्या सरासऱ्या घेत न बसतां, धंद्याच्या दृष्टीनें जें काम सर्वांत महत्त्वाचें आणि सर्वांत रेंगाळणारें असेल तें एकच हातीं घ्यावें, आणि त्याचा प्रत्येक सेकंद कोठें गेला याचा हिशेब मांडावा, असा त्यांचा आग्रह होता.

या हिशेबाचें मोल कळण्यासाठीं श्रोत्यांनीं एक काल्पनिक उदाहरण ध्यानांत घ्यावें. बँकेच्या खिडकीवर एका व्यवहाराला १० सेकंद लागत आहेत. त्यांपैकीं प्रोसेसरचें काम अर्ध्या सेकंदाचें, डिस्कवरचें एका सेकंदाचें, आणि उरलेले साडेआठ सेकंद दुसऱ्या कोणा व्यवहारानें घातलेलें कुलूप उघडण्याची वाट पाहण्यांत जात आहेत. लक्षावधि रुपये खर्चून दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर १० सेकंदांचे पावणेदहा होतील. डिस्क दुप्पट वेगाची केली तर साडेनऊ होतील. आणि कुलूप धरून बसलेला तो व्यवहार शोधून त्याला वेळेवर संपावयास लावलें, तर १० चे दीड होतील, आणि त्यासाठीं कदाचित् एक पैहि लागणार नाहीं. पहिल्या दोन उपायांनंतर पैसा संपलेला असतो, रांग तशीच असते, आणि खिडकीवरचा कारकून लोकांचीं बोलणीं पूर्वीप्रमाणेंच खात असतो. चुकीच्या निदानाचा दंड बहुधा निदान करणाऱ्याला भरावा लागत नाहीं. तो त्या बिचाऱ्याला भरावा लागतो.

नोंद ठेवण्यालाहि खर्च पडतो, ही या विद्येची जुनी अडचण आहे. प्रत्येक मागणीचें प्रत्येक पाऊल टिपूं गेल्यास टिपण्याच्या श्रमानेंच यंत्र थकतें; रोग्याचें रक्त तपासावयाला इतकें काढावें कीं त्यानेंच तो अशक्त व्हावा, तशांतली गत. यावर नमुन्याची युक्ति निघाली. २००३ सालीं जाहीर झालेल्या ओरॅकलच्या '१०जी' या आवृत्तींत दर सेकंदाला एकदां आंत डोकावून कोण काम करीत आहे व कोण कशासाठीं थांबला आहे, एवढेंच टिपून ठेवण्याची व्यवस्था झाली. एखादा थांबा साठ पाहण्यांपैकीं चाळीस वेळां दिसला, तर काळाचा मोठा वांटा तोच खात आहे हें उघड होतें. इतर प्रणालीहि याच मार्गाला लागल्या. 'एसक्यूएल सर्व्हर'नें २००५ च्या आवृत्तींत आंतील स्थिति पाहण्याचे नवे झरोके उघडले आणि २०१६ च्या आवृत्तींत प्रत्येक मागणीच्या जुन्या-नव्या वाटांचा इतिहास जपून ठेवण्यास आरंभ केला. सर्वांस मुक्त असलेल्या 'पोस्टग्रेस'मध्यें २००९ सालीं मागणीवार हिशेबाचें साधन आलें, आणि २०१६ सालीं थांबण्याचीं कारणेंहि दिसूं लागलीं.

सरासरीची भूल मात्र याहून चिवट निघाली. २०१३ सालीं जेफ्री डीन व लुइझ बारोसो यांनीं एका निबंधांत ती आंकड्यांनीं दाखविली. एका सर्व्हरच्या शंभर उत्तरांपैकीं एकच उत्तर एका सेकंदाहून अधिक वेळ घेतें असें मानावें. परंतु एक पडदा भरावयाला अशा १०० सर्व्हरांचीं उत्तरें एकदम लागत असतील, तर शंभरांपैकीं ६३ माणसांना एका सेकंदाहून अधिक थांबावें लागेल. प्रत्येक सर्व्हरची सरासरी निर्दोष, आणि बहुसंख्य माणसें मात्र खोळंबलेलीं. ग्रेनें १९८५ सालीं सरासरी न मागतां शेंकडा ९५ व्यवहारांची हमी मागितली होती, त्यांतील दूरदृष्टि येथें पटते.

भारतांत या सर्व गोष्टींचा अनुभव सामान्य माणसाला रेल्वेच्या तिकिटानें आणून दिला. संगणकावरचें आरक्षण १९८५ सालीं दिल्लींत सुरू झालें. पुढें मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथेंहि तशीं केंद्रें उभीं राहिलीं, आणि १९९९ सालीं तीं एकमेकांशीं जोडलीं गेलीं. २००२ सालापासून तिकीट घरबसल्या इंटरनेटवरून काढतां येऊं लागलें. पूर्वीं ज्या रांगेंत पहाटेपासून बिछाना टाकून बसावें लागे, ती बोरीबंदरच्या फरसबंदीवरून बरीचशी यंत्रांत सरकली. सकाळीं तात्काळ तिकिटांची विक्री उघडतांच जी गर्दी लोटते ती एर्लांगच्या यदृच्छेनें येणाऱ्या मागण्यांसारखी नसते. सर्वांचे हात एकाच क्षणीं, एकाच गाडीच्या त्याच मूठभर जागांवर पडतात. अशा वेळीं दिवसभराच्या भाराची सरासरी सांगणारा आंकडा कोणाच्याहि उपयोगाचा नसतो. त्या पहिल्या कांहीं क्षणांत कोण कोठें थांबला हेंच पाहावें लागतें.

एर्लांगपासून आजपर्यंतच्या या वाटचालींत उपकरणें बदललीं; कोपनहेगनच्या ताराहि गेल्या व सेबरचीं तीं दोन यंत्रेंहि गेलीं. प्रत्येक पिढीनें सोपा म्हणून एखादा आंकडा डोक्यावर घेतला आणि पुढच्या पिढीला तो खालीं ठेवावा लागला. टिकला तो एकच प्रश्न, आणि तो यंत्राला उद्देशून नाहीं. खिडकीपुढें उभ्या असलेल्या माणसाचा वेळ कोठें गेला, असें जो विचारतो त्याच्या हातीं निदान लागतें. यंत्र किती निरोगी दिसतें, एवढेंच जो पाहतो, त्याच्या तक्त्यावर सर्व कांहीं ठीक असतें, आणि बाहेर रांग वाढत असते.